चार-चाळीसची समाधी

शुक्रवारी संध्याकाळी स्वप्ना तव्यावर भाकरी टाकत होती, तेवढ्यात दारात एक अनोळखी म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला रुमाल, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. मागे त्याची बायको, आणि तिनं तान्हं लेकरू धरावं तसा कडेवर धरलेला स्टीलचा डबा.

"गाड्यांची वेबसाइट चालवणारे मन्मथअप्पा हितंच राहतेत का?"

"हो. या ना, बसा."

"बसायला न्हाई आलो बाई. दोन तास फाट्यावर बसूनच आलो."

स्वप्नाचे सासरे मन्मथअप्पा नुकतीच पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे घेऊन बाहेर आले. म्हाताऱ्यानं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे तुमीच लिवलंय?"

अप्पांनी चष्मा लावून वाचलं. 'देवगाव फाटा ते धामणटाकळी, दुपारी ४.४०. गाडी भरवशाची. लेकीबाळींनी निर्धास्त बसावे.'

"मीच लिवलंय."

"मी किशनराव, पाथरीचा. ही कस्तुराबाई. आमची लेक अर्पिता धामणटाकळीला दिलेली हाय. बाळंतीण हाय. तिला डिंकाचे लाडू घेऊन निघालो. तुमी लिवलंय तसं निर्धास्त बसलो, साडेचारपासून साडेसहापर्यंत! एक जीपवाला 'बसा, बसा' करून लय मागं लागला. मी मनलं, न्हाई, वेबसाइटवर यष्टी लिवलीय, आन् माझ्याकडं यष्टीचं म्हाताऱ्यांच्या सवलतीचं कार्ड हाय. तो गेला निघून. शेवटी पानवाला मनला, बाबा, ती यष्टी कोरोनातच बंद पडलीय!"

अप्पांचा चेहरा असा उतरला की किशनरावांनाच कसंतरी झालं. त्यांनी मोबाइल खाली घेतला.

अप्पांना एवढं लागण्याचं कारण होतं. अप्पा एसटीतले वाहतूक नियंत्रक. चौतीस वर्षं पालम, पाथरी आणि सेलूच्या स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या. तेवढ्या काळात माइकवरून एकही वेळ चुकीची पुकारली नाही असं ते सांगत, आणि ते खोडून काढणारा कुणी अजून भेटला नव्हता. स्वप्ना सून म्हणून घरात आली त्याच वर्षी अप्पा निवृत्त झाले आणि स्वप्नाच्या नवऱ्यापासून घरातल्या सगळ्या माणसांना पुकारायला लागले. "मल्लेश, आंघोळीला सात मिनिटं उशिरानं निघायलास!" महिन्याभरात सासूबाई बसम्मा टेकीला आल्या. "स्वप्ना, ह्यांना काई तरी काम दे माय, न्हाई तर मीच एखादी गाडी धरून माहेरी जाते."

स्वप्ना कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायची. तिनं सासऱ्यांना वेबसाइट करून दिली: देवगाव फाट्यावरून सुटणाऱ्या गाड्या. माहिती अप्पांची, टायपिंग सुनेचं. पण नुसत्या वेळा सांगून थांबतील तर ते अप्पा कसले! ते प्रत्येक गाडीपुढे शेरा लिहीत. 'सकाळी ७.१०, जिंतूर. डाव्या बाजूची तिसरी खिडकी लागत नाही, पावसाळ्यात तिथे बसू नये.' 'सकाळी ९.२५, पाथरी. गुरुवारी गर्दी. म्हाताऱ्यांनी बुधवारी जावे.' 'सकाळी ११.००, परभणी. ड्रायव्हर गप्पिष्ट. ज्यांना झोपायचे आहे त्यांनी मागे बसावे.' अकरा वर्षांत आसपासची गावं या पानाला पंचांगासारखं मानायला लागली होती. स्वप्नाला त्याचा फार अभिमान वाटायचा. पगार नाही, पाटी नाही, तरी हा माणूस रोज सकाळी सहाला उठून तीन स्टँडवर फोन लावतो आणि कुठल्या गाडीचं काय चाललंय ते विचारतो, हे तिनं दुसरीकडे कुठं पाहिलं नव्हतं.

अप्पांनी किशनरावांपुढे हात जोडले. "चूक माझी हाय. आज हितंच मुक्काम करा. सकाळी रिक्षा करून मी स्वतः तुमाला लेकीच्या दारात सोडतो."

किशनराव नाही नाही म्हणत पाटावर बसले. तिसऱ्या भाकरीला त्यांचा राग पार ओसरला. "तुमच्या घरची भाकरी मात्र भरवशाची हाय हो," ते म्हणाले. ते कौतुकानंच बोलले होते, पण अप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा धामणटाकळीहून परत आले, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं.

"स्वप्ना, वेबसाइट बंद कर."

"अप्पा, अहो एका गाडीसाठी..."

"एक असो की शंभर. माझ्या भरवशावर एक माणूस दोन तास उन्हात बसलं. कंट्रोलरचा शब्द एकदा गलत निघाला की माइक खाली ठेवायचा."

त्या दिवशी अप्पा कुणालाही न पुकारता दोन वाजता जेवले. बसम्मा चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "निवृत्त झाले तवा बी घड्याळ काढलं नव्हतं गं त्यांनी. हे बंद झालं तर माणूस खचंल."  वेबसाइट स्वप्नानं केली होती, आता वाचवायलाही तिलाच हवी होती.

"अप्पा," ती संध्याकाळी म्हणाली, "घरात जुनं सामान झालं म्हणून कुणी घर पाडतं का? जुनं तेवढं काढून टाकू. उद्या रविवार हाय, सगळी साइट साफ करू. एक बी चुकीची ओळ राहणार न्हाई. मंग तर झालं?"

अप्पा हो म्हणाले नाहीत, पण रविवारी सकाळी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बंद पडलेल्या, पण अप्पांनी यादीतून कधीच न काढलेल्या गाड्या मोजल्या तर नऊ निघाल्या.

"ही पालम–सेलू. कवाची बंद हाय. डिलीट करते."

"म्हंजी?"

"म्हंजी पुसून टाकते. मागं काहीच उरत न्हाई. राख सुद्धा न्हाई."

अप्पांनी तिच्याकडे नवलानं बघितलं. "स्वप्ना, आपल्या लिंगायतांत माणूस गेलं तर जाळतेत का?"

"न्हाई. समाधी देतेत."

"बसवून, विभूती लावून, बेल वाहून समाधी देतेत. मंग जिनं सव्वीस वर्षं माणसं वाहिली, तिला तू जाळायलीस व्हय?"

जुन्या मजकुराचं काय करावं, यावर स्वप्नानं मागे एक अख्खा कोर्स केला होता. काढून टाका, दुरुस्त करा किंवा बाजूला जपून ठेवा, असे तीन मार्ग त्यात होते. बेल वाहण्याचा विषय कुठंच नव्हता. पण सासऱ्यांचं म्हणणं तिला त्या कोर्सपेक्षा जास्त पटलं. तिनं एक नवं पान उघडलं आणि त्याला नाव दिलं 'समाधी'.

मग एकेक गाडी रीतसर बसवली गेली. सुरू झाल्याचं साल, बंद झाल्याचं साल आणि दोन चांगले शब्द. पालम–सेलूची पाळी आली तेव्हा बसम्मा हातातलं वांगं तसंच धरून बाहेर आल्या. "हिच्यातनंच मी नांदायला आले. तेवढं लिवा." अप्पांनी थोडा विचार करून सांगितलं आणि स्वप्नानं हसू दाबत टाइप केलं, 'या गाडीने एक नवरी सेलूला आणली. पुढे ती नियंत्रकावर नियंत्रण ठेवू लागली.'

शेवटी राहिली चार-चाळीस. अप्पांनी पेटीतून एक घडी पडलेला कागद काढला. "हिला मी यादीत कामून ठेवलं, बग. 'प्रवासी नसल्याने पुढील आदेशापर्यंत तात्पुरती बंद.' पुढला आदेश आलाच न्हाई. लेखी हुकूम आल्याबगर कंट्रोलरला गाडी रद्द करता येत न्हाई. दवाखान्यात असलेल्या माणसाला कुणी समाधी देतं का?"

"अप्पा, पाच वर्षं दवाखान्यात?"

अप्पांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग त्यांनी सांगितलं आणि स्वप्नानं लिहिलं, '४.४०, धामणटाकळी. हिने गावच्या पोरींना शाळेतून घरी नेले. भरवशाची होती. तिला आमचा शेवटचा शरणार्थ.' वेबसाइट वाचली, पण घड्याळ देवळीतून काही हललं नाही.

सोमवारी सकाळपासून ते पान या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरायला लागलं. लोकांनी हात जोडले, फुलं वाहिली, रडके चेहरे पाठवले. एका निवृत्त कंडक्टरनं फोन करून आपलीही गाडी तिथं बसवण्याची विनंती केली. ती अजून चालू आहे हे सांगितल्यावर तो जरा नाराज झाला. स्वप्ना मनातून खूश होती. साडेपाचला पुन्हा फोन वाजला, तो मात्र फुलं वाहणारा नव्हता.

"अप्पा, मी धामणटाकळीची भक्ती बोलायले. सेलूला कापडाच्या दुकानात कामाला असते. तुमी चार-चाळीस कामून बंद केली?"

"बाई, मी कोण बंद करणार? ती गाडी पाच वर्षं झाली बंद हाय."

"मंग पाच वर्षं आमी रोज कशात बसून जायलाव?"

अप्पांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. आतून बायकांचा आणि शाळकरी पोरींचा गलका ऐकू येत होता.

स्वप्नानं स्कूटी काढली. अप्पा मागे बसले. फाट्यावर पोचले तर कट्ट्यावर चौदा जणी बसलेल्या, आणि चहाच्या टपरीपाशी एक स्वच्छ धुतलेली जीप रिकामी उभी. जीपवाला जीवन अप्पांना बघून चटकन उभा राहिला आणि त्यानं चहाचा ग्लास पाठीमागे लपवला.

"जीवन, गाडी हाय, तू हायस, माणसं हायेत," अप्पा म्हणाले. "मंग अडलंय कुठं?"

"तुमीच समाधी दिली की, अप्पा."

"मी यष्टीला दिली रे!"

"टायम तर तोच होता ना." जीवन कानाची पाळी धरत म्हणाला, "लॉकडाऊन उठला तवा मी रिकामा हिंडायलो होतो. एक दिवस बगितलं, चार-चाळीसला बारा माणसं उभी. इच्यारलं, कशाची वाट बगायलाव? तर मनले, अप्पाच्या साइटवर गाडी हाय, म्हंजी येणारच. गाडी काई येईना आन् माणसं काई हलंनात. शेवटी मी त्यांना नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्ना बारा! मंग मी रोजच चार-चाळीसला यायला लागलो. मिनिटभर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. साइटवर तसं लिवलंय ना! आता तुमी टायमच पुरला म्हणल्यावर तो वर काढणारा मी कोण?"

स्वप्ना पोरींशेजारी कट्ट्यावर बसली. अप्पांचं पान पाच वर्षं चुकलेलं होतं, आणि त्या चुकीच्या जोरावर पाच वर्षं एक अख्खं गाव वेळेवर घरी पोचत होतं. तिनं रविवारी बसून ते बरोबर केलं आणि सोमवारी चौदा जणी फाट्यावर अडकल्या. कोर्समध्ये याबद्दलही काही सांगितलेलं नव्हतं. शुक्रवारी किशनरावांच्या मागे लागलेला जीपवाला तो हाच, हेही तिच्या आत्ता ध्यानात आलं. किशनराव चार-चाळीसची वाट बघत बसले होते आणि चार-चाळीस त्यांना 'बसा, बसा' म्हणून विनवत होती.

भक्ती पुढे आली. "अप्पा, जीवनभाऊ भला माणूस हाय. पण चौदा जणी एका जीपमधी मावत न्हाईत. पोरी मागं दांडीला लटकतेत. तुमच्या नुसत्या लिवण्यानं जीप येते, तर यष्टी बी येईल. मनावर घ्या."

"खरं हाय," जीवनच म्हणाला. "वळणावर मलाच धडकी भरते."

अप्पांनी पोरींच्या दप्तरांकडे बघितलं. मग सवयीनं डावं मनगट वर केलं. ते रिकामं होतं. "आज दोन खेपा कर जीवन," ते म्हणाले, "आन् स्वप्ना, तू मला आधी घरी ने. घड्याळ राहिलंय."

दुसऱ्या दिवशी दहाला अप्पा आणि स्वप्ना आगारात आगारप्रमुख आबासाहेबांसमोर बसले होते. आबासाहेब माणूस मोकळा, पण हात नियमांनी बांधलेले.

"अप्पा, नवी फेरी म्हणजे पाहणी आली, प्रस्ताव आला, मंजुरी आली. वर्ष तरी जाईल."

"नवी कुठं मागायलोव साहेब? उशिरानं धावणाऱ्या गाडीची चौकशी करायला आलोव." अप्पांनी घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला. "पुढील आदेशापर्यंत तात्पुरती बंद. तो पुढला आदेश तेवढा दाखवा."

कारकुनानं दोन कपाटं आणि एक पेटी उपसली. अर्ध्या तासानं तो धुळीनं माखून परत आला आणि मान हलवली. आदेश नव्हता.

"म्हंजी गाडी रद्द झालेली न्हाई," अप्पा शांतपणे म्हणाले. "पाच वर्षं उशिरानं धावायलीय, एवढंच. आन् बंद करायचं कारण काय लिवलंय? प्रवासी नाहीत. स्वप्ना, ते फाट्यावरच्या बायकांच्या सह्यांचं दे."

आबासाहेबांनी चौदा सह्या वाचल्या, कागद वाचला आणि खुर्चीत मागे रेलून खदखदून हसले. "अप्पा, खरं सांगू? आमचे नवे कंडक्टर तुमचीच साइट बघून वेळा पाठ करतात. रविवारी चार-चाळीस समाधीत गेली तर दोघांनी येऊन मला विचारलं, ही गाडी आपली होती का म्हणून. बघतो मी."

त्यांनी खरंच बघितलं. बाराव्या दिवशी, येत्या पहिल्या तारखेपासून गाडी सुरू करण्याचा लेखी आदेश आला आणि अप्पांनी तो तीनदा वाचून पेटीत ठेवला. मग वेगळाच पेच उभा राहिला.

"समाधीतनं कुणाला उठवतेत व्हय?" बसम्मांनी विचारलं. "आपल्यात तशी रीतच न्हाई."

अप्पा येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी त्यांनी सांगितलं तसं स्वप्नानं समाधीच्या पानावर लिहिलं, '४.४० येथे चुकून बसवली होती. ती जिवंत आहे. चूक नियंत्रकाची.' मग मूळ यादीत ४.४० परत आली आणि तिच्याखाली जीवनचीही सोय लागली. '५.२०, धामणटाकळी, जीवनची जीप. दुकानातून उशिरा सुटणाऱ्यांसाठी. आठच माणसे. नववे बसल्यास गाडी हलणार नाही.' पाच-वीसला तोवर त्या रस्त्यानं चिटपाखरू जात नव्हतं. पण अप्पांनी लिहिलं म्हटल्यावर जीवन आला, आणि आठ माणसंही आली. दुसऱ्याच दिवशी एका नवव्या पाहुण्याला खाली उतरवताना जीवन म्हणाला, "मी नेलं असतं हो, पण साइटवर तसं लिवलेलं न्हाई."

पहिल्या तारखेला अख्खं धामणटाकळी फाट्यावर लोटलं. भक्तीच्या हातात नारळ. पाथरीहून किशनराव आणि कस्तुराबाईही आले होते, नातवाच्या बारशाला निघालेले. कार्ड किशनरावांनी पाथरीच्या गाडीतून उतरल्यापासून हातातच धरलं होतं. अप्पा धुतलेलं धोतर नेसून कट्ट्याच्या टोकाला उभे, मनगटावर घड्याळ.

चार-चाळीस झाले. रस्ता मोकळाच. चार-पंचेचाळीस झाले. किशनरावांनी अप्पांकडे बघितलं आणि मग, भल्या माणसासारखं, दुसरीकडे बघितलं.  चार-बावन्नला वळणावर लाल रंग दिसला आणि पोरींनी एकच गिल्ला केला.

नारळ फुटला. किशनराव पहिले चढले आणि खिडकीतून ओरडले, "अप्पा, बसलो बगा निर्धास्त!" स्वप्नानं डोळे पुसले, मोबाइल काढला आणि सासऱ्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "अप्पा, साइटवर चार-बावन्न करू का?"

अप्पांनी घड्याळाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"कशाला? टायम बराबर हाय. गाडी चुकलीय."

ते हळू बोलले होते, पण चौतीस वर्षं माइकवर घालवलेल्या माणसाचं हळूसुद्धा ड्रायव्हरच्या खिडकीपर्यंत पोचतं.  ड्रायव्हरनं मान खाली घातली आणि गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी स्वप्ना क्लासच्या कामासाठी फाट्यावरून चालली होती. चार-छत्तीसला तिला फाट्याच्या अलीकडे, लिंबाच्या सावलीत लाल गाडी उभी दिसली. इंजिन बंद. ड्रायव्हर स्टिअरिंगवर मोबाइल टेकवून अप्पांचं पान बघत बसला होता. चार-चाळीसला त्यानं मोबाइल खिशात ठेवला, गाडी सुरू केली आणि फाट्यावर आणून लावली.